सव्वा मुठीचं पाकीट

माझ्या नवऱ्याच्या हाताचा खरा रंग कोणता, हे मला लग्नानंतर कितीतरी वर्षं माहीत नव्हतं. लग्नात हातांवर हळद होती. हळद उतरली तेव्हा खालून हिरवा निघाला. मी नवी नवरी, विचारायची सोय नव्हती; वाटलं, यांच्याकडे अशी काही पद्धत असेल. मग खान्देशातून सूरतला आले, उधन्यात संसार मांडला, तेव्हा कळलं की हे पलसाण्याच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या मिलमध्ये, कलर किचनला कामाला आहेत. कलर किचनचा स्वयंपाकाशी काही संबंध नसतो. तिथे रंगाची पावडर मोजायची, पाण्यात कालवायची आणि कापडाच्या मशीनला द्यायची. हातमोजे मिळतात, पण हातमोज्यांनी पावडरीचा अंदाज येत नाही असं तिथल्या सगळ्यांचं मत आहे. त्यामुळे मशीनला जो रंग, तोच आमच्या घरी जेवायला बसायचा. पुढच्या दिवाळीला देशातल्या बायका कोणत्या रंगाच्या साड्या नेसणार हे मला उन्हाळ्यातच यांच्या नखांवरून समजायचं. एवढी मोलाची माहिती हातात असून मी तिचं काहीही केलं नाही.

धंदा म्हणाल तर माझा वेगळा होता. घराच्या पुढच्या खोलीत मी एक चक्की बसवली होती. कळण्याचं पीठ, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून करतात ते, काळा मसाला, ज्वारीचे पापड म्हणजे बिबडे, नागलीचे पापड, असा आमच्याकडच्या लोकांना लागणारा माल मी करून विकत होते. सणावाराला कोणी सांगितलं तर खापरावरचे मांडेही करून द्यायचे. गिऱ्हाईक गल्लीतलं. बाया यायच्या, पीठ न्यायच्या, माझ्यापेक्षा आपली सासू कळण्याची भाकरी किती चांगली थापायची ते सांगायच्या, आणि जायच्या. दुकान चालत होतं. म्हणजे पडत नव्हतं.

मला दुकानातून काय हवं होतं ते आधीच सांगून टाकते, कारण तेव्हा मी ते कोणालाच सांगितलं नव्हतं. मला माझा नवरा पलसाण्याहून परत हवा होता. त्यांना खोकला होता. पावसात वाढायचा, उन्हाळ्यात कमी व्हायचा, पण जायचा नाही. डॉक्टरांनी छाती तपासून सांगितलं की पावडरीपासून लांब राहा. हे डॉक्टरांना बरं म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पाळीवर गेले. घरी मी विषय काढला की यांचं उत्तर एकच, मिल शे म्हनीसन घर शे. मिल आहे म्हणून घर आहे, यावर बायकोने काय बोलायचं? मी मनात ठरवलं की दुकान इतकं वाढवायचं की एक दिवस यांना म्हणता यावं, आता मिल नसली तरी घर आहे. हे ठरवलं आणि पिठाची पाकिटं भरत राहिले.

आमची मुलगी रिंगरोडच्या कापड मार्केटात एका साडीच्या दुकानात नोकरीला आहे. साड्यांचे फोटो काढायचे, व्हिडिओ करायचे, खाली दोन ओळी लिहायच्या, हे तिचं काम. शेठ तिच्यावर खूष आहेत. ती घरी आमच्याशी अहिराणी बोलते, मैत्रिणींशी हिंदी, आणि एखादी गोष्ट आपल्याला चांगली समजते असं दाखवायचं असलं की गुजराती. एकदा ती छोट्या धंद्यांसाठीच्या कुठल्याशा शिबिराला रविवारी जाऊन आली आणि जेवताना गुजरातीत म्हणाली, "मम्मी, पहेलां गोल नक्की करो." आधी ध्येय ठरवा. मी म्हटलं, आधी वरण घे.

पण तिने सोडलं नाही. जेवण झाल्यावर आम्हाला दोघांना समोर बसवलं. ही मीटिंग आहे असं सांगितल्यामुळे यांनी शर्ट घातला. तिने तीन प्रश्न विचारले. आपलं गिऱ्हाईक कोण, आपल्याला काय मिळवायचंय, आणि ते कसं मिळवायचं. प्रश्न चांगले होते. आजही मला त्यात खोट काढता येत नाही. खोट उत्तरांत होती.

पहिल्यांदा यांना विचारलं. हे म्हणाले, तुझ्या मम्मीचं मन रमलं पाहिजे. मला राग आला. मी पहाटेपासून उडीद पाखडत होते आणि यांना वाटत होतं की मी मन रमवतेय. रागाच्या भरात मी म्हणाले, माझं नाव झालं पाहिजे. मला नावाची हौस कधीच नव्हती. पण त्या मीटिंगमध्ये दुसरं काही सुचलं नाही, आणि खरं होतं ते यांच्यासमोर बोलायचं नव्हतं. मुलीने दोन्ही उत्तरं ऐकली आणि म्हणाली, मन रमणं मोजता येत नाही, नाव मोजता येत नाही, तर आपण फॉलोअर धरू. दहा हजार. आम्ही दोघांनी मान डोलावली. अशा रीतीने तिघांपैकी कोणालाही नको असलेली गोष्ट आमच्या धंद्याचं ध्येय झाली, कारण तेवढीच मोजता येत होती.

मग ते मिळवायचं कसं, हा प्रश्न. मुलीने तोही सोडवला. लोकांना पीठ बघायला आवडत नाही, म्हणाली, मांडे बघायला आवडतात. ते खरं आहे. पुरणाचा उंडा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत पसरायचा आणि उलट्या खापरावर टाकायचा, हे बघायला कोणालाही आवडतं. मला स्वतःला आवडतं. तिने माझे हात टिपले, चेहरा टाळला, मागे गाणं लावलं. लोकांनी बघितलं. लांबलांबच्या लोकांनी बघितलं. एकीने परदेशातून लिहिलं की आजीची आठवण येऊन रडू आलं. मी मुलीकरवी तिला विचारलं, कळण्याचं पीठ हवं का. तिने लाल बदाम पाठवला. दुसऱ्या एकाने विचारलं, पुण्यात कुठे बसता. तिसऱ्याने बांगड्या कुठून घेतल्या ते विचारलं.

मांडे तर पाठवता येत नाहीत. खापरावरून उतरले की संध्याकाळपर्यंत खाऊन संपवायचे असतात. जे पाठवता येत होतं ते कोणी बघत नव्हतं, आणि लोक जे बघत होते ते पाठवता येत नव्हतं. मी हे मुलीला बोलून दाखवलं तर म्हणाली, मम्मी, याला ओळख वाढणं म्हणतात. ओळख वाढली ते कबूल. आठवड्यातून दोनदा मी मांडे करायची, व्हिडिओ व्हायचा आणि ते मांडे आम्हीच खायचो. हे डब्यात मांडे घेऊन मिलमध्ये जायला लागले. तिथे त्यांचं वजन वाढलं, दोन्ही अर्थांनी.

त्याच सुमारास तिने दारावर पाटी लावली, की इथे बाहेरचं दळण घेतलं जात नाही. आपण ब्रँड आहोत, चक्की नाही, असं तिचं म्हणणं. गल्लीतल्या बाया डबा घेऊन यायच्या, पाटी वाचायच्या, माझ्याकडे बघायच्या आणि नाक्यावरच्या चक्कीवर जायच्या. मला ते आवडलं नाही, पण विचारपूर्वक चाललेल्या गोष्टीत आपण कशाला तोंड घालायचं, असं वाटून मी गप्प राहिले.

श्रावण जवळ आला. मुलीने वर्षभराच्या सणांचं एक वेळापत्रक केलं होतं; प्रत्येक सणापुढे एक माल. संक्रांतीपुढे तीळ, होळीपुढे पुरणाचं पीठ. श्रावणापुढे तिने कानबाई लिहिली होती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कानबाई ही आमच्या खान्देशाची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरोघरी बसते, आणि तिच्या नैवेद्याला रोट लागतात. रोटाचे गहू असे तसे घेत नाहीत. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ, तान्हा मुलगा असला तरी त्याच्याही नावाची. ते वेगळे दळायचे, त्यात दुसऱ्या कशाचा कण येऊ द्यायचा नाही. आणि झालेले रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. शेजारी कितीही जवळचा असो, त्याला रोट देत नाहीत. एका रोटाचे म्हणजे एका कुळाचे. हे मला माझ्या नावाइतकं पाठ आहे. सासूबाई होत्या तोवर रोटाचं दळण करताना आमच्या घरात मोठ्याने बोलायचीही चोरी होती.

हे सगळं माहीत असताना मी आणि माझ्या मुलीने मिळून रोटाच्या तयार पिठाची पाकिटं काढली.

आमचा विचार साधा होता. सूरतमधल्या बायांना वेळ नाही. कोणी मिलमध्ये, कोणी साड्यांना टिकल्या लावायला बसलेली. त्यांची सोय करायची. फक्त मापाची अडचण होती, कारण मूठ काही दुकानात मिळत नाही. मुलगी म्हणाली, एक प्रमाण मूठ ठरवू. हे रात्रपाळी करून आले होते आणि दुपारचे झोपले होते. मी त्यांना उठवलं आणि गव्हाच्या डब्यात मूठ भरायला सांगितली. त्यांनी विचारलं, कशाले? मी म्हटलं, माप घ्यायचंय. त्यांनी मूठ भरून काट्यावर सोडली, पावही सोडली आणि परत झोपले. त्या दिवसांत बाजारात जांभळा चालला होता. जांभळ्या मुठीतून गहू पडतानाचा व्हिडिओ मुलीने संथ करून दाखवला आणि खाली मी स्वतः सांगितलेली ओळ टाकली, की कानबाईच्या रोटाचं शुद्ध पीठ, सव्वा मुठीचं पाकीट, घरात जितके पुरुष तितकी पाकिटं घ्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

परदेशातल्या बाईने पुन्हा बदाम पाठवला. गल्लीतून मात्र समोरच्या मावशी आल्या. आमच्या भागातल्या आमच्या लोकांत मावशींचा शब्द शेवटचा. कोणाच्या लग्नात कोणी कुठे बसायचं ते त्या सांगतात. सोबत आणखी दोघी होत्या. मी चहा ठेवला. तिघींनी कप हातात घेतले आणि कोणी प्यालं नाही. तेव्हाच मला समजलं की प्रकरण गंभीर आहे.

मावशींनी फोन पुढे केला. त्यावर यांची मूठ होती. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "मना घरना रोटमा तुना नवरानी मूठ?"

माझ्या घरच्या रोटात तुझ्या नवऱ्याची मूठ. त्यांनी तसं म्हटलं तेव्हा मी पहिल्यांदा ते चित्र नीट डोळ्यांसमोर आणलं. उधन्यातल्या घराघरांत कानबाई बसलीय आणि प्रत्येक घरात माझ्या नवऱ्याच्या मुठीने मोजलेल्या पिठाचे रोट होताहेत. त्या घरचे बाप, भाऊ, मुलगे बाजूला उभे आहेत, आणि माप आमच्याकडून गेलंय.

मावशींचं झालं नव्हतं. रोट कोण खातं, असं त्यांनी मला शाळेतल्यासारखं विचारलं. मी म्हटलं, भाऊबंद. मग म्हणाल्या, तुझं पाकीट जो जो खाईल तो तुझा भाऊबंद झाला. अर्ध्या उधन्याला तू भाऊबंद करून टाकलंस. आणि माझ्या मुलीकडे, जी दारात फोन घेऊन उभी होती, तिच्याकडे बघून त्यांनी शेवटचं विचारलं, "मंग तुनी आंडेर कथा देशी?"

आंडेर म्हणजे मुलगी; ती मग कुठे देशील, असं त्यांचं विचारणं. भाऊबंदांत सोयरीक होत नाही. आम्ही केलेल्या योजनेप्रमाणे सगळं नीट घडलं असतं, माल खपला असता, तर माझ्या मुलीला द्यायला सूरतमध्ये एकही घर उरलं नसतं. धंद्याच्या शिबिरात ही बाजू शिकवली नव्हती. मुलीने तिथेच उभ्या उभ्या व्हिडिओ काढून टाकला.

मला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, रागही आला. मी म्हटलं, मावशी, चूक झाली, पण मी बायांची सोयच बघत होते ना. तेव्हा मावशींनी कपातला चहा बशीत ओतला, याचा अर्थ आता बसून बोलायला हरकत नाही, आणि म्हणाल्या की सोय बघायची होती तर ही चक्की कशाला झाकून ठेवलीस. नाक्यावरच्या चक्कीत सकाळी मिरची, दुपारी बेसन. रोटाचं दळण म्हटलं की तो माणूस ओरडतो, चक्कीचा दगड, म्हणजे पाट, पुसायला वेळ नाही म्हणतो. मावशी स्वतः दरवर्षी एवढ्याशा दळणासाठी सुनेला भुसावळच्या गाडीत बसवून गावी पाठवतात; ती पीठ मांडीवर घेऊन परत येते. तुझ्या दारात यायचं तर ती पाटी, असं म्हणून त्यांनी चहा संपवला.

त्या गेल्यावर मी पाटीसमोर जाऊन उभी राहिले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे लहानपणापासून ऐकत आले होते. कळसा इतका मोठा आणि विजेवर चालणारा असू शकतो हे माहीत नव्हतं. आम्ही वर्षभर एकच विचार करत होतो, लोकांना काय दाखवायचं. लोकांचं कुठे अडलंय हे विचारलंच नव्हतं. आमचं गिऱ्हाईक कोण, या पहिल्या प्रश्नाचं उत्तर डबा घेऊन रोज दारापर्यंत येत होतं आणि आमची पाटी वाचून परत जात होतं.

मी पाटी काढली. मुलगी म्हणाली, मम्मी, दळणाचा व्हिडिओ कसा करणार, त्यात बघण्यासारखं काय आहे. मी म्हटलं, बघणाऱ्यांसाठी काही करायचंच नाहीये. मग तिच्या फोनवरून मी गल्लीतल्या बायांना अहिराणीत बोलून निरोप पाठवला. कानबाईच्या आधीचे दोन दिवस चक्कीवर रोटाशिवाय दुसरं काही दळलं जाणार नाही. तुमचे गहू, तुमची मूठ, तुम्ही ओता, तुम्ही भरून न्या. मी हात लावणार नाही. एका घराचं झालं की पाट उघडून पुसला जाईल, मग दुसऱ्या घराचं. गाणं लावलं नाही. मुलगी म्हणाली, निदान एक फोटो टाकू. मी चक्कीचा टाकू दिला.

पाट उघडायचा तर मला एकटीला उचलत नाही. म्हणून यांनी दोन दिवस सुट्टी घेतली. मिलमध्ये काय सांगितलं ते त्यांनी मला सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी सकाळी दार उघडलं तर रांग समोरच्या मावशींच्या ओट्यापर्यंत गेली होती. रांगेच्या तोंडाशी मावशीच. त्यांचं दळण झालं, यांनी पाट उघडला आणि पुसायला लागले. मी यांना घरात काही पुसताना कधी बघितलं नव्हतं. आधी कोरड्या कुंच्याने खाचाखाचांतून पीठ काढलं, मग ओल्या फडक्याने, मग कोरड्या. मग बोट फिरवून उजेडात धरलं. पीठ पडायच्या नळीत हात घालून आत चिकटलेला कण झटकला. पुन्हा बोट फिरवलं. रांगेतल्या बायांचं बोलणं हळूहळू थांबलं. मी म्हटलं, अहो, पुरे. ते म्हणाले, पिवळ्यावरून पांढऱ्यावर जायचं तर असंच करावं लागतं; एक कण राहिला तरी अख्खा लॉट डागाळतो. मग मला कळलं की हे इतकी वर्षं तिकडे काय करत होते. मी समजत होते की ते रंग कालवतात. ते रंग पुसतही होते. एका रंगाचा मागमूस दुसऱ्यात जाऊ द्यायचा नाही, हे त्यांचं अर्धं काम होतं.

दोन दिवस तेच चाललं. बाया आपापले गहू ओतत होत्या, हे पुसत होते, खोकत नव्हते. ते मी मुद्दाम लक्ष ठेवून बघितलं. पीठही उडत होतंच, पण नाकातोंडाला फडकं बांधायला मी सांगितलं तर त्यांनी बांधलं. मिलमध्ये कधी बांधलं नव्हतं. दळण घेऊन निघताना बाया कळण्याचं पीठ घेत होत्या, मसाला घेत होत्या, कारण हातात पिशवी होतीच. एकीने विचारलं, उपवासाचं दळण असं पुसून मिळेल का. एकीने लग्नाच्या हळकुंडांचं विचारलं. एकीने यांनाच विचारलं, भाऊ, तुम्ही रोज असता का. यांनी पुन्हा पाट पुसायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं आटोपल्यावर शेवटी आमच्या घरचं दळण. मी गव्हाचा डबा पुढे ठेवला. यांनी मूठ भरली आणि तशीच धरून थांबले. जांभळ्या नखांकडे बघत म्हणाले, त्या बाईने विचारलं ते तू ऐकलंस का. मी म्हटलं, ऐकलं. आणि आता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही असं वाटून मी बोलले. मी सांगितलं की मला नाव नको, फॉलोअर नकोत, माझं मन घरात रमलेलंच आहे. हे दुकान मी तुम्हाला मिलमधून काढायला चालवतेय. पहिल्या पाकिटापासून.

यांनी दुसऱ्या हाताने तोंडावरचं फडकं सोडलं. मग म्हणाले, "मी मिल तुना दुकानकरता करी ऱ्हायनू."

मिल माझ्या दुकानासाठी? नीट विचारल्यावर कळलं ते असं. जवळच एका गोदामात मोजणीचं काम त्यांना केव्हाच मिळत होतं. रंग नाही, पावडर नाही, पगार थोडा कमी. त्यांनी नाही म्हटलं. दुकान अजून स्वतःच्या पायावर नाही, मिलचा पगार आहे तोवर ही आपल्या मनाने काहीतरी करतेय, तो थांबला तर हिला दुकान बंद करावं लागेल, असा त्यांचा हिशोब. हिची हौस मोडायला नको म्हणून हे पावडर गिळत होते, आणि यांनी पावडर गिळू नये म्हणून मी हौस करत होते. एका घरात, एका ताटात जेवून, आम्ही दोघं एकमेकांसाठी उलट्या दिशेने ओढत होतो. मला हसूही आलं आणि रडूही आलं. रडूच जास्त आलं.

मुलगी हे सगळं ऐकत होती. ती म्हणाली, हे तुम्ही त्या दिवशी मीटिंगमध्ये का नाही सांगितलं. यांनी मूठ चक्कीत सोडली आणि म्हणाले, तू मोजता येईल असं काहीतरी सांगा म्हणाली होतीस.

मिल सुटायला त्यानंतर आणखी वेळ गेला. दिवाळीचा माल निघेपर्यंत मालकाने सोडलं नाही. पण आता आमच्या धंद्यात काय करायचं आणि काय नाही हे ठरवायला मीटिंग लागत नाही. कोणी काही नवं सुचवलं की मी एकच बघते, याने हे घरी राहतात की पुन्हा पलसाण्याला जातात. मिरची दळायला घे असं काही जण म्हणाले, गिऱ्हाईक मोठं होतं, पण यांचा खोकला होता, नाही घेतलं. उपवासाचं दळण घेतलं, लग्नाचं घेतलं. मुलगी अजूनही व्हिडिओ करते, पण त्यात फक्त हे पाट पुसताना दिसतात. ते बोलत नाहीत, मागे गाणं नाही. बघणारे फार नाहीत. जे बघतात ते डबा घेऊन येतात. मांड्यांचे व्हिडिओ बंद झाल्यावर परदेशातल्या बाईने काळजीने विचारलं होतं, सगळं बरं आहे ना. मी कळवलं की हो, आता बरं आहे.

या वर्षीही कानबाईच्या आधी रांग लागली. मावशी पहिल्या होत्या. त्यांची सून या वेळी गावी गेली नाही, ओट्यावर बसून पाय हलवत होती. सगळ्यांचं झालं, आणि शेवटी आमच्या घरचा डबा निघाला. मुलीने सवयीने फोन वर केला, मी मान हलवली, तिने खाली ठेवला. यांनी गव्हात हात घातला, आणि मूठ कुठे संपते आणि गहू कुठे सुरू होतात ते मला पटकन दिसेना. मी आणखी जवळ जाऊन बघितलं. माझ्या नवऱ्याचा हात गव्हाच्याच रंगाचा होता. त्यांनी विचारलं, काय बघतेस, आणि मी म्हटलं, काही नाही, अजून पाव मूठ राहिलीय.